दुष्काळी जिल्ह्याला सल्ला द्यावा कसा

बीड जिल्ह्यातल्या ज्या तरुणाने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे, ज्याच्याकडे ठेकेदार होण्याइतके भांडवल नाही आणि सरकारी भरतीची वाट पाहण्याइतके वय उरलेले नाही, त्याने मोठ्या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत जावे. पुण्यातल्या किंवा गुरुग्राममधल्या काचेच्या इमारतीत एक दिवस त्याच्या पडद्यावर त्याचाच तालुका येईल. गावाच्या जागी साखळी क्रमांक लिहिलेला असेल. गाव ओळखू आले तरी त्याने ओळख दाखवू नये, ही या धंद्यातली पहिली शिस्त. तिच्यामागचा तर्क नीट समजला तर निवृत्तीपर्यंत नोकरीला धक्का नाही. ठेकेदार रस्ता विकतो, सल्लागार कंपनी अहवाल विकते. तिचे बिल निघते ते अहवालाच्या टप्प्यांवर: प्रारंभिक अहवाल दिला की इतके टक्के, व्यवहार्यता अहवालावर इतके, सविस्तर प्रकल्प अहवालाच्या मसुद्यावर इतके, मंजुरीनंतर उरलेले. नळाला पाणी आले की अमुक टक्के, असा रकाना त्या तक्त्यात सहसा नसतो. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट माणूस मन लावून करतो. म्हणून अहवाल सुबक, जाडजूड आणि वेळेवर असतो. नळाचे काय, हा प्रश्न करारकक्षेबाहेरचा.

काम मिळवण्याची रीत आधी शिकावी, करण्याची नंतर शिकली तरी चालते. मोठ्या निविदांत गुणवत्ता आणि दर यांची बेरीज करून सल्लागार निवडतात. सत्तर-तीस किंवा ऐंशी-वीस असे वजन असते. ऐकायला हे फार न्याय्य वाटते. पण गुणवत्तेचे गुण मुख्यतः कंपनीने पूर्वी केलेल्या तशाच कामांच्या दाखल्यांना आणि टीम लीडर वगैरे मंडळींच्या बायोडेटांना मिळतात. दाखले सगळ्याच मोठ्या कंपन्यांकडे असतात, त्यामुळे तिथे सगळे जवळपास सारखेच ठरतात आणि निकाल दरावर लागतो. नव्या अभियंत्याचा बराच वेळ म्हणूनच निवृत्त अधीक्षक अभियंत्यांचे बायोडेटा निविदेच्या नमुन्यात बसवण्यात जातो. या कसोटीवर बीडची खजाना विहीर टिकली नसती. सोळाव्या शतकात, मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवून घेतली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने ती बांधली. भूमिगत नहरीतून उताराच्या जोरावर तिचे पाणी शेतापर्यंत जाते. परंतु राजा भास्करापाशी तशाच स्वरूपाची तीन कामे पूर्ण केल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असल्याचा पुरावा उपलब्ध नाही. तांत्रिक फेरीतच तो बाद.

दर पाडून काम मिळाले की पाहणी येते, आणि इथे बीडची माती तरुणाला फार काही शिकवते. शुल्क ठोक असते, त्यामुळे जागेवर घालवलेला प्रत्येक दिवस कंपनीच्या नफ्यातून वजा होतो. मग पाहणी एखाद्या स्थानिक संस्थेला पोटकंत्राटाने द्यावी; ती पदविकावाल्या पोरांना मोटारसायकलवर पाठवते. पाहणीचा महिना कॅलेंडर बघून नव्हे, बिलाचा टप्पा बघून ठरवावा. समजा तो जानेवारी निघाला. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या वस्त्यांत जानेवारीत कुलपे, म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे सापडतात. घरटी माणसे मोजून पाण्याची मागणी काढली तर ती कमी भरते. आणि नेमक्या एप्रिल-मेमध्ये, टंचाईच्या तोंडावर, गाव भरून जाते. उलट कारखान्याच्या रस्त्यावर त्याच महिन्यात सात दिवसांची वाहनगणना केली तर आकडा फुगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात मोठी बैलगाडी म्हणजे आठ मोटारी आणि ट्रॉलीचा ट्रॅक्टर म्हणजे साडेचार. एकाच महिन्यात, एकाच जिल्ह्यात, माणसे कमी आणि मोटारी जास्त असे सिद्ध करता येते, आणि दोन्ही आकडे नियमाला धरून असतात. लोकसंख्येचा प्रश्न तर आणखी सोपा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्हा २५,८५,०४९ माणसांचा होता. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्या जुन्या आकड्यावरून तीस वर्षांपुढचा आकडा काढावा, त्याला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने गुणावे आणि उत्तर दशांशापर्यंत लिहावे. दशांश चिन्ह पाहिले की तपासणारा अधिकारी निर्धास्त होतो.

मात्र खरी कला विश्वासार्हतेच्या प्रकरणात आहे. सिंचन प्रकल्पाचे पाणी साधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हतेने मोजतात, म्हणजे शंभरापैकी पंचाहत्तर वर्षांत तरी ठरलेला येवा मिळावा. निकष अगदी शास्त्रीय आहे. कुठलीही गोष्ट शंभर टक्के खात्रीने बांधायची तर काहीच बांधता येणार नाही. पण त्याचा अर्थ असा की चारांतले एक वर्ष तुटीचे जाणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत आहे. अहवालाला तीन वर्षे पुरतात, जिल्ह्याला चौथे वर्ष काढावे लागते. ते कसे असते याची नोंद आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे ११३० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद पडले. कोळसा होता, यंत्रे होती, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी नव्हते. २०१५ च्या जुलैत, म्हणजे भर पावसाळ्यात, ते पुन्हा बंद झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. यात अमुक सल्लागार चुकला, असे म्हणण्याचा हेतू नाही. तुटीच्या वर्षी काय करायचे याचे प्रकरण कोणाच्या कामकक्षेत येते, एवढाच प्रश्न आहे. आणि चतुर अभियंत्याने तो विचारू नये, कारण विचारणाऱ्यालाच ते प्रकरण विनामूल्य लिहावे लागते.

कोणी म्हणेल, धरणे जोडली की चौथे वर्षही निभेल. मराठवाडा वॉटर ग्रिडची कल्पना तीच होती. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने २०१८ मध्ये इस्रायलच्या मेकोरोत या सरकारी पाणी कंपनीशी करार केला आणि माजलगाव-मांजरासह अकरा धरणे मोठ्या नळांनी एकमेकांना जोडण्याचा आराखडा झाला. चांगल्या-वाईट पावसाच्या तालुक्यांत पाणी फिरवायला अशी जोडणी उपयोगीच आहे. पण २०१६ च्या मेमध्ये जायकवाडी, माजलगाव आणि मांजरा या तिन्ही धरणांचा उपयुक्त साठा एकाच वेळी शून्यावर होता, आणि तीन शून्ये नळाने जोडली तरी बेरीज तीच राहते. अहवालात हे 'मर्यादा' या प्रकरणात, शक्यतो परिशिष्टांच्या जवळ, लिहावे: प्रस्तुत निष्कर्ष ग्राहकाने पुरवलेल्या माहितीवर आधारित आहेत. या एका वाक्याचे मोल बाकीच्या पाचशे पानांहून जास्त आहे.

खर्चाचा आकडाही असाच जपून, अमुक वर्षाच्या दरसूचीनुसार म्हणून लिहावा. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्ग २६१ किलोमीटरचा. १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च सुमारे ३५३ कोटी होता, पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला. बीडला पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली. इथले खापर सल्लागारांवर फोडणे अन्याय होईल, भूसंपादन आणि केंद्र-राज्य वाटा यांचा तो घोळ आहे. होतकरूने एवढेच टिपावे की या तीस वर्षांत अंदाजपत्रक कितीतरी वेळा सुधारावे लागले, आणि सुधारित अंदाजपत्रक हेही एक काम असते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की सल्लागार नकोत म्हणावे, तर खात्यांकडे माणसे कुठे आहेत? खरे आहे. उपविभागांत पदे रिकामी आहेत, संकल्पचित्रे काढणारे हात निवृत्त झाले, आणि तेच हात बायोडेटाच्या रूपाने खात्याकडे परत येतात. कंपन्यांतले अभियंतेही बहुतेक हुशार आणि कष्टाळू असतात; रात्री अकराला टाइमशीट भरणाऱ्या पोराला आळशी म्हणणे पाप आहे. दुसरा आक्षेप असा की खात्याचे अंदाज तरी कुठे बरोबर होते? जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली, पैठणचा उजवा कालवा माजलगाव धरणापर्यंत आणला गेला, आणि गोदावरीतून येईल म्हटलेले पाणी अनेक वर्षे आलेच नाही. चूक सरकारी अभियंतेही करतात, कधी जास्त. फरक नंतरच्या वागण्यात आहे. कालव्याला पाणी आले नाही तर माजलगावचा शेतकरी पाटबंधारे उपविभागाच्या दारात जाऊन शिव्या घालू शकतो; ते दार तिथेच असते, आणि आतला माणूस बदलला तरी खुर्ची उत्तर द्यायला बांधील असते. सल्लागाराचे साइट ऑफिस अंतिम बिलानंतर रिकामे होते, आणि टीम लीडर तोवर दुसऱ्या राज्यातल्या निविदेत टीम लीडर झालेला असतो. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी रस्ते अपघातांचा दोष सदोष प्रकल्प अहवालांवर आणि ते करणाऱ्यांवर जाहीर भाषणांतून अनेकदा ठेवला आहे. अशा भाषणांना अभियंत्याने खुशाल टाळ्या द्याव्यात. सल्ल्याचे पैसे आजच्या सहीला मिळतात, उद्याच्या परिणामाला नाही, ही व्यवस्था निविदा काढणाऱ्याने लिहिली आहे. तिच्यात नेकीने नोकरी करणारा माणूसही हेच करील.

तेव्हा एकाच गोष्टीपासून सावध राहावे. एखाद्या वेडगळ कार्यकारी अभियंत्याने निविदेत असे कलम घातले की शुल्काचा एक दशांश हिस्सा चार पावसाळ्यांनंतर मिळेल, आणि त्याआधी तुटीच्या वर्षी, मे महिन्यात, टीम लीडरने गावाच्या ग्रामसभेत स्वतः उभे राहून अहवालातला पाण्याचा तक्ता मराठीत वाचून दाखवला पाहिजे, तर निविदापूर्व बैठकीत ते वगळण्याची लेखी मागणी करावी. इतर कंपन्याही तीच मागणी करतील. कलम तरीही कायम राहिले, तर निविदा भरू नये.