घरबसल्या ‘ओके’ शिका

साहित्य: अक्षरं दोन. पूर्वतयारी: काही नको. मनात बोलण्यासारखं फारसं नसेल तर उत्तमच.

नवशिक्यांनी सोप्या ओकेपासून सुरुवात करावी. समोरच्यानं काही सांगितलं, पटलं, की म्हणायचं ‘ओके’. जमलं? आता पुढचं. समोरच्याचं पटलेलं नाही, पण वाद घालायचं त्राण नाही. तेव्हाही ‘ओके’च, फक्त ‘के’ जरा ओढायचा आणि नजर खिडकीबाहेर ठेवायची. ऐकलंच नसेल तरीही ‘ओके’. इथे मान हलवायला विसरू नये. इंग्रजीत याच शब्दानं मास्तर तास सुरू करतात, लोक फोन संपवतात, धडपडलेल्या माणसाला लागलं का विचारतात. साहेबांनी मंजुरी दिली की फाइल ‘ओके’ होते.

शिवाय जेमतेम सिनेमाही ‘ओके’ असतो. हा अर्थ जपून वापरा. ‘भाजी कशी झालीय?’ या प्रश्नाला इंग्रजी चालीचं ‘ओके’ देऊ नये. मराठीत त्यावर तोड आहे: ‘क’ दुप्पट करायचा. ‘ओक्के’ म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. जून 2022मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करून सगळं ओक्के असल्याचं म्हणाले, तेव्हा त्याचा अर्थ महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. ऑगस्टमध्ये विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्याच शब्दाला ‘खोके’चं, म्हणजे बंडासाठी पैसे घेतल्याच्या आरोपाचं, यमक जोडलं. दोन महिन्यांच्या आत शब्द प्रशस्तिपत्रातून आरोपपत्रात गेला.

आता व्युत्पत्ती. चार माणसं चहाला जमली की कुणीतरी व्युत्पत्ती काढतोच, तेव्हा तयारी हवी. ठोकून द्यायला भरपूर पर्याय आहेत. ग्रीक ‘ओला काला’, म्हणजे सगळं छान. स्कॉटिश ‘ऑक आय’. अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांच्या भाषेतला ‘ओके’. हा तर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना इतका पटला होता, की ते कागदपत्रांवर त्याच थाटाचं स्पेलिंग करत. सगळ्यात ऐटबाज पर्याय अमेरिकन यादवी युद्धाचा: लढाईनंतर ‘झीरो किल्ड’, एकही ठार नाही, असं लिहून लावत आणि त्या शून्याचा पुढे ‘ओ’ झाला. सैनिकांच्या बिस्किटांवर ओरिन केंडॉल या बिस्किटवाल्याची आद्याक्षरं असत, असंही छातीठोक सांगता येतं. अडचण एकच. यादवी युद्ध सुरू झालं 1861मध्ये आणि ‘ओके’ त्याच्या बावीस वर्षं आधी छापून आला होता.

तो कुठे छापून आला, हे तेवढं पाठ करा. ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’, 23 मार्च 1839. त्या सुमारास बोस्टनच्या वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं: नेहमीचे शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि वर त्या अशुद्धाची आद्याक्षरं करायची. ‘ऑल राइट’चं शुद्ध रूप ए.आर.; यांनी केलं ओ.डब्ल्यू. ‘ऑल करेक्ट’ तसं पाहिलं तर ए.सी. व्हायला हवं. पण ‘ऑल’ला ओ आणि ‘करेक्ट’ला के लावला, की झालं ओ.के. ‘सगळं बरोबर’ असं म्हणणाऱ्या या शब्दाची दोन्ही अक्षरं चूक आहेत, आणि विनोद तेवढाच होता. त्या दिवशी संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी घंटाविरोधी असं नाव लावणाऱ्या एका मंडळाबद्दलच्या गमतीदार टिपणात तो टाकून दिला.

त्याची बाकी भावंडं लवकरच विसरली गेली. ओके वाचला तो निवडणुकीमुळे. 1840मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’, आणि कार्यकर्त्यांच्या मंडळांना नाव पडलं ‘ओ.के. क्लब’. विरोधकही काही कमी नव्हते. त्यांनी वावडी उठवली, की व्हॅन ब्यूरन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नाही, कागद तपासला की ते ‘ऑल करेक्ट’ समजून ओ.के. असा शेरा मारतात. व्हॅन ब्यूरन पडले, शब्द निवडून आला. जॅक्सनची थाप मात्र पुढे कितीतरी वर्षं लोक खरी मानून सांगत होते. कोलंबिया विद्यापीठाचे अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून 1963-64मध्ये सगळा छडा लावला. तरीही ग्रीकवाले आपलं सोडायला तयार नाहीत. जगभर चालणारा शब्द एका बोस्टनकराच्या फालतू कोटीतून यावा, हे माणसाच्या मनाला लागत असावं.

संगणकाचा ओके वेगळा शिकायला नको; चौकटीत असतो, दाबायचा. अ‍ॅपलनं ‘लिसा’ हा संगणक तयार करताना त्या बटणावर आधी ‘डू इट’ लिहिलं होतं. चाचणीला आलेल्यांतल्या एकानं ती दोन पदं जोडून ‘डोल्ट’, म्हणजे ठोंब्या, असं वाचलं आणि संगणक आपल्याला ठोंब्या का म्हणतो म्हणून तो चिडला. मग तिथे ओके आला. अटी न वाचता आपण तो दाबतो, हा भाग निराळा.

ट्रकमागचा ‘हॉर्न ओके प्लीज’ नवशिक्यांनी सोडून द्यावा. त्यातल्या ओकेबद्दल रॉकेलपासून साबणापर्यंत कथा आहेत, आणि एकीचाही भरवसा धरू नये. ही पाटी वाचून लोक उगाच हॉर्न बडवतात, म्हणून 2015मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी तिच्यावर बंदी घातली. हॉर्न अजून जोरात आहेत.

राहता राहिला हातानं करायचा ओके: अंगठा आणि तर्जनी जोडून गोल, उरलेली तीन बोटं ताठ. तारकर्लीला स्कूबाला गेलात तर पाण्याखाली हाच वापरा. तिथे उत्साहानं अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो, आणि भरलेले पैसे पाण्यात जातात. ब्राझीलमध्ये मात्र ही गोलाची खूण अश्लील शिवी समजली जाते. तिकडे जाल तेव्हा हात खिशात ठेवा आणि तोंडानंच ओके म्हणा.