स्टँडर्डवाले

वास्तुरचना, संरचना, विद्युत आणि प्लंबिंग अशी चार खाती जेथे एकाच इमारतीचे नकाशे ऑटोकॅडवर रेखाटीत बसलेली असतात, अशा कोणत्याही सल्लागार कचेरीत त्या चौघांचे जर एखाद्या बाबतीत संपूर्ण मतैक्य आढळत असेल, तर ते स्टँडर्डवाले नामक गृहस्थ निव्वळ उपद्रवी आहेत, या एकाच बाबतीत होय.

पगारपत्रकात यांचा हुद्दा बहुधा सीनियर ड्राफ्ट्समन एवढाच असतो आणि दिमतीला शिपाईदेखील नसतो. परंतु भिंत ‘ए-वॉल’ याच लेयरवर असावी, रंग वस्तूगणिक न देता ‘बायलेयर’ ठेवावा आणि शून्य लेयरवर ब्लॉक घडविण्यापलीकडे काहीही रेखाटू नये, ही फर्माने ते अशा थाटात सोडतात की, मुलूख त्यांच्याच सनदेने चालला असावा असा नवख्याचा समज व्हावा. रेषांच्या जाड्या ०.२५, ०.३५, ०.५ आणि ०.७ मिलिमीटर अशा विक्षिप्त का, असे त्यांना कोणी चुकून विचारलेच, तर लगतच्या दोन जाड्यांत दोनाच्या वर्गमुळाचे प्रमाण असते, तेच ए-वन व ए-टू कागदांच्या बाजूंतही असते, म्हणून नकाशा एका पायरीने लहान केला तरी प्रत्येक जाडी खालच्या जाडीच्या जागी बिनबोभाट जाऊन बसते, हे प्रमेय सिद्ध होईपर्यंत विचारणाऱ्याच्या डब्यातील भाजी निवून जाते.

खातीही काही कच्च्या गुरूची चेली नसतात. टेम्प्लेट सर्वांनी सहीनिशी स्वीकारलेले असते आणि ‘न्यू’, ‘न्यू-एक’, ‘साहेबांचे बदल’ या नावांचे लेयर त्यात नित्यनेमाने जन्म घेत असतात. मापरेषा एक्स्प्लोड करून तिच्यावरचा आकडा हाताने बदलणे हा तर घाईच्या वेळचा सर्वमान्य तोडगा; मात्र भिंत पुढे सरकली तरी तो आकडा जागचा हलत नाही, म्हणून स्टँडर्डवाल्यांच्या लेखी तो खोट्या साक्षीइतकाच दंडनीय अपराध.

त्यांची थोरवी कळते ती ते रजेवर गेल्यावर. विद्युत खाते एका मजल्याचे सगळे दिवे ‘डेफपॉइंट्स’ लेयरवर मांडते. पडद्यावर ते लखलखतात, पण तो लेयर कधीच छापला जात नसल्यामुळे साइटवर पोहोचतो तो दिव्यांवाचूनचा नकाशा. मीटरमध्ये आखलेली मोजणी मिलिमीटरच्या नकाशात तशीच जोडली जाते आणि अख्खा भूखंड एक-सहस्रांश होऊन कोपऱ्यात हरवतो. मग कंत्राटदाराचे खलिते येऊ लागतात, खात्याखात्यांत जाबजबाब सुरू होतात, आणि कालपर्यंत ज्यांच्या नावाने नाके मुरडली जात होती, त्यांनाच फोन लावण्यासाठी चार खातेप्रमुखांत अहमहमिका लागते.

तात्पर्य, ज्या कचेरीत असा मनुष्य नसेल तिने तो विनाविलंब नेमावा. आणि जिच्यात तो आहे तिने त्याची कुरकुर निमूटपणे ऐकावी, पगार वाढवावा आणि रजेचा अर्ज मात्र नामंजूर करावा.