आत्या, झिटी आणि कोलेस्टेरॉल

एडिसन, न्यू जर्सी

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

परवा फोन मध्येच ठेवावा लागला, कारण ह्यांच्या कोलेस्टेरॉलचा आकडा तुला सांगायला आणि हे खोलीत यायला एकच गाठ पडली. म्हणून आता लिहिते.

शनिवारी ह्यांच्या आत्या जेवायला आल्या होत्या. मुलांनी आधीच ठराव केला होता की बेक्ड झिटी हवी. न्यू जर्सीत इटालियन वंशाची वस्ती पुष्कळ, त्यामुळे वाढदिवस असो की मयताचं घर, कुणीतरी झिटीचा ट्रे घेऊन येतंच. झिटी म्हणजे नळीसारखा पास्ता. नेपल्सकडे लांब नळ्या घरी हाताने मोडतात, इथे मोडलेल्याच मिळतात. त्यावर टोमॅटोचा सॉस आणि मग चीजच चीज: रिकोटा, मोझरेला, पार्मेजान, आणि कुणी बघत नसेल तर परत मोझरेला. ह्यांच्या डॉक्टरांनी ही कृती वाचली तर तेच आजारी पडतील.

पार्मेजान आत्यांच्या कृपेने गेलं. अस्सल पार्मेजानचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने फाडतात, तसा नियमच आहे. आत्या पक्क्या शाकाहारी. एक चीज धर्मखाती वजा!

रिकोटा मात्र ठेवला. इटलीत तो चीज केल्यावर उरलेल्या निवळीतून काढतात, म्हणजे पनीरचं जे पाणी तू कणकेत घालतेस त्याची पुढची पायरी. इथे बहुतेक दुधाचाच करतात, म्हणून कमी सायीचा आणला. वाटीभर रिकोटा थोडं दूध घालून फेटला की अगदी मऊ होतो.

पास्ता अर्धाच डबा, सव्वादोनशे ग्रॅम. उरलेली जागा झुकिनीने भरली. ऑगस्टात ज्यांच्या परसात झुकिनी लागते त्यांना इथे लोक रस्त्यात टाळतात. शेजारच्या इटालियन आजी तर पिशवी दाराला अडकवून पळतात. फोडी आधी ओव्हनमध्ये भाजून घ्यायच्या, नाहीतर त्यांचं पाणी सुटून झिटीची आमटी होते. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवायचा, उरलेला तो सॉसमध्ये शिजतो. सॉस जर्सीच्या टोमॅटोंचा, लसूण आणि बेझिल. आत्यांनी गूळ सुचवला. मी ऐकलं नाही.

मोझरेला फक्त वरून घातलं, शंभर ग्रॅम. चीजची तार वरच निघते, आत कोण बघायला जातंय? १९० अंशांवर वीस मिनिटं झाकून, मग वर तांबूस डाग पडेपर्यंत उघडं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं कुणालाही हात लावू द्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड.

शेजारच्या आजींना वाटी पाठवली. "चीज विसरलीस का गं?" असा निरोप आला, आणि वाटी घासल्यासारखी रिकामी. आत्या म्हणाल्या, "बरं आहे, पण वर फोडणी हवी होती." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच. ह्यांनी तीनदा वाढून घेतलं.

आता एक काम कर. जावयांना दुधी चालत नाही हे तुला ठाऊक आहे. झुकिनी त्याच घराण्यातली, हे रविवारी फोनवर चुकूनही बोलू नकोस.

तुझी,
लेक