कलादालनातील वऱ्हाडी गृहस्थ

आधुनिक कलेच्या संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकांचे जाणकार, विद्यार्थी आणि पर्यटक असे तीन वर्ग सामान्यतः मानले जातात; परंतु मुंबईच्या काळा घोडा परिसरात, जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात या तिन्हींत न बसणारा एक चौथा वर्गही आढळतो, आणि तो म्हणजे अमरावती-अकोल्याकडचा प्रौढ गृहस्थ. कलेच्या ओढीने तो येथे आलेला नसतो. जमिनीच्या मोबदल्याची फाइल घेऊन तो अंबा एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरतो, मंत्रालयात सामान्य माणसाला दुपारनंतरच प्रवेश मिळतो हे त्याला तेथे गेल्यावर कळते, आणि मधला वेळ सावलीत काढण्यासाठी तो तिकीट काढून आत शिरतो. प्रवेशद्वारी सामान जमा करण्यास सांगितले असता शेगावच्या कचोऱ्यांची पिशवी तो बिनतक्रार देतो, फाइल मात्र बगलेतून काढत नाही. कारण सरकारी खिडकीत एकदा दिलेली फाइल परत येत नाही, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते.

त्याची आस्वादपद्धती स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अमूर्त चित्रासमोर, म्हणजे ज्यात माणूस, झाड किंवा घर अशी ओळखू येणारी वस्तू नसून केवळ रंग, रेषा आणि पोत यांची रचना असते अशा चित्रासमोर, जाणकार दोन पावले मागे सरतो, तर हा गृहस्थ दोन पावले पुढे जातो. प्रथम तो चौकट पाहतो आणि ती परतवाड्याच्या बाजारातील मेळघाटी सागवानाची आहे की साध्या लाकडाला पॉलिश मारलेले आहे, याचा निवाडा करतो. त्यानंतर तो कॅनव्हासकडे वळतो. ते कापड सुती असू शकते, आणि ज्याचे आयुष्य जिनिंगच्या आवारात कापूस चिमटीत धरून धाग्याची लांबी पारखण्यात गेले, त्याची बोटे सुताकडे आपोआप जातात. रखवालदाराने हटकल्यावर तो निरागसपणे विचारतो, "हात लावल्याबिगर कसं समजते बाप्पा?" समीक्षक ज्या पोताविषयी पानेच्या पाने लिहितात, त्याच्याशी थेट भिडू पाहणारा हा एकमेव प्रेक्षक होय, हे येथे नोंदवले पाहिजे. मांडणशिल्पासमोर, म्हणजे अनेक वस्तू एका जागेत रचून केलेल्या कलाकृतीसमोर, गोणपाट आणि दोरखंड दिसले, तर "माल कवा उचलनार?" एवढेच विचारून तो पुढे सरकतो.

किमतीच्या बाबतीत मात्र तो गंभीर असतो. वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३.७० कोटी रुपयांना गेले, असे कोणी सांगितल्यास तो मनातल्या मनात कापसाचे क्विंटल मोजू लागतो. आणि गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले हे कळताच त्याचा हिशेब थांबतो, कारण वऱ्हाडाच्या वाट्याचे सारे काही नागपूरच नेते, या त्याच्या जुन्या सिद्धांताला आणखी एक पुरावा मिळालेला असतो.

खरी क्रांती घडते ती हरी अंबादास गाडे या नावापाशी. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि बाकरे यांच्यासह १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये, म्हणजे भारतीय चित्रकलेला नवे वळण देणाऱ्या मुंबईच्या मंडळात, असलेले हे चित्रकार १९१७ साली अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे जन्मले. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, हे गाव ज्याला पाठ असते त्याला ही माहिती कोणी दिली की तो थबकतो, "हे कोनते गाडे होय?" असे विचारतो आणि ज्या चित्राला त्याने आधी एक क्षणही दिला नव्हता, त्याच्यासमोर ठाण मांडून रंगांत आपल्याकडची काळी माती शोधू लागतो. आता दुपार टळली, तरी फाइलची आठवण त्याला दुसऱ्याने करून द्यावी लागते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, या गृहस्थाला कला कळत नाही हा समज चुकीचा असून त्याला केवळ पत्ता कळलेला नसतो. म्हणून चित्राखालच्या पट्टीवर नाव, वर्ष आणि माध्यम यांच्यासोबत चित्रकाराचे गावही छापावे, अशी शिफारस येथे करावीशी वाटते. आपल्या वऱ्हाडातील काकांना मुंबईस धाडणाऱ्या वाचकांनी एवढी काळजी मात्र घ्यावी की, रविवारच्या अंबा एक्स्प्रेसचे तिकीट काढू नये, कारण सोमवारी मंत्रालय उघडे असले, तरी संग्रहालय बंद असते.