कायद्याने तरंगावे कसे

लाँग आयलंड साउंडमध्ये कयाक घालून गळ टाकणारा माणूस बुडू नये, अशी सरकारची इच्छा आहे. माझीही आहे. मतभेद आहेत ते तपशिलाचे.

माणशी एक लाइफजॅकेट हवे. ठीक. पण आत शिवलेल्या पट्टीवरचा मान्यता क्रमांक वाचता आला पाहिजे. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने जॅकेटचे सगळ्यात आधी काय जात असेल, तर ही पट्टी. मग ते मला कितीही तरंगवो, कायद्याच्या लेखी ते आत फोम भरलेले बंडी-बनियन. जे कधी घडी मोडून घातलेच नाही, त्याचा क्रमांक मात्र ठळक. शिवाय न्यूयॉर्क राज्याच्या नियमाने उन्हाळ्यात मोठ्या माणसाने ते अंगात घालायलाच हवे असे नाही, हाताशी असले की पुरे. कयाक पालथी झाल्यावर घालून घ्यावे. १ नोव्हेंबर ते १ मे मात्र अंगातच. याबद्दल तक्रार करता येत नाही, हीच तक्रार. एप्रिलच्या पाण्यात पडलेल्याचे पहिले मिनिट श्वास सावरण्यात जाते आणि दहाएक मिनिटांत बोटे बकल लावायच्या कामाची राहत नाहीत.

स्ट्राइप्ड बासचा हंगाम १५ एप्रिलला उघडतो. हा मासा उजाडायच्या आत चांगला लागतो, म्हणून अंधारात निघावे, तर संकटात पेटवायचे फ्लेअर हवेत. दिवसा वल्ह्याच्या होडीला त्यातून माफी, सूर्योदयाला पाच मिनिटे असताना नाही. तीन फ्लेअर, मुदत तयार झाल्यापासून ४२ महिने. मुदत संपली की नवे घ्यायचे. आणि जुने? कचऱ्यात टाकायचे नाहीत, समुद्रात तर नाहीच. पेटवून संपवावेत, तर संकट नसताना संकटाची खूण करणे गुन्हा. घातक कचरा गोळा करायच्या दिवशी रांगेत उभा राहिलो. रंगाचे डबे घेतले, फ्लेअर परत दिले. ते आता गॅरेजमध्ये आहेत. मी बुडण्याची शक्यता कमी झाली आहे, घर पेटण्याची वाढली आहे.

बरे, कयाकला खरोखर जे बुडवते त्याबद्दल सगळे गप्प. झाकणाचे रबर सैल झाले, किंवा आपणच हौसेने बसवलेल्या रॉडहोल्डरच्या स्क्रूतून पाणी झिरपले, की ते पोटात शिरून एका अंगाला धावते आणि होडी हळूहळू तोल सोडते. नांगराची दोरी ओढीच्या पाण्यात मधल्या कडेला बांधली तर एवढा वेळही मिळत नाही. लहान मोटरबोटीने पाणी भरल्यावर कसे तरंगावे याचे केंद्रीय मानक आहे. कयाक त्यातून वगळलेली. शिट्टी मात्र हवी. बुडताना वाजवता येईल.

निघतानाचा फोटो मालवणच्या मामाला पाठवला. जॅकेट, शिट्टी, दिवा, फ्लेअरची पिशवी बघून त्याचा फोन आला, "खंय चल्लस रे, लढूक?" म्हटले, मासे पकडायला. मासा २८ ते ३१ इंचांच्या मधलाच हवा आणि दिवसाला एकच, हे सांगितल्यावर त्याने फोन मामीकडे दिला.