खडूचा कडा आणि साती आसरा

वाशीम समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. गावात ही गोष्ट कुणी अभिमानाने सांगत नाही, कारण उंची दाखवायला जवळपास समुद्र नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा बीची हेड हा ब्रिटनमधला खडूचा सर्वांत उंच समुद्रकडा, आणि त्याची उंची १६२ मीटर. म्हणजे आमच्या पाटणी चौकात उभ्याने चहा पिणारा माणूस बीची हेडच्या तिप्पट उंचीवर असतो आणि त्याला साधी धापही लागत नाही.

लंडनमध्ये हे गणित मी जावईबापूंना मांडून दाखवलं तेव्हा ते नुसते हसले. जावई पुण्याचे. राजगड-तोरणा एका दमात केल्याचं पुणेकराच्या आधारकार्डावरच छापून येत असावं. त्यांनी शनिवारचा बेत सांगितला: रेल्वेने सीफर्डला उतरायचं, समुद्राच्या कडेकडेने ‘सेव्हन सिस्टर्स’ या सात टेकड्या पार करायच्या, दोन दीपगृहं बघायची आणि संध्याकाळी ईस्टबोर्नहून परतायचं. “अंतर चौदा आहे, बाबा,” एवढंच ते बोलले. चौदा काय, हे सीफर्डच्या फलाटावर उतरल्यानंतर कळलं. इंग्लंडने पायवाटा अजून मैलांतच ठेवल्या आहेत. चौदा मैल म्हणजे बावीस किलोमीटर.

मी भूगोलाचा मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत सागरी कडा, सागरी गुहा, तरंगघर्षित मंच हे सगळं फळ्यावर काढून पोरांकडून घोकून घेतलं. माझ्या फळ्यावरच्या समुद्राला कायम तीनच लाटा असत. खडू बोटांना, सदऱ्याच्या खिशाला, डोक्याला आणि मंडळींच्या म्हणण्याप्रमाणे वरणालाही लागलेला. शाळेतला खडू हल्ली बहुतेक जिप्समचा असतो. इथला मात्र अस्सल. उबदार समुद्रात तरंगणारी, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं मरून तळाशी बसली, त्यांच्या अंगावरच्या चुन्याच्या चकत्या साचत गेल्या आणि साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास हा पांढरा दगड तयार झाला. आमच्या वऱ्हाडातला काळा दगड लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. थोडक्यात, त्यांचा गोरा दगड थोरला, आपला सावळा धाकटा. हे मी चालता चालता समजावून सांगत होतो. वर्गात असते तर जावयांना बाकावर उभं केलं असतं, इतकं त्यांचं लक्ष मोबाइलच्या नकाशात होतं.

मंडळींचा वेश असा: सहावारी, तिच्यावर लेकीचा जाडजूड कोट, डोक्याला मफलर आणि पायांत लेकीचेच बूट. हातात पिशवी. पिशवीत काय आहे हे विचारायची हिंमत त्या घरात कुणाला नाही.

सीफर्ड हेडवरून उतरताना एका वळणावर त्या सातजणी एकदम समोर येतात. खाली तटरक्षकांची जुनी घरं, पलीकडे कक्मियर नदीचं मुख आणि त्यामागे पाण्याच्या काठाने ओळीने उभे पांढरेशुभ्र कडे. सिनेमात डोव्हरचे कडे दाखवायचे असले की पुष्कळदा इथेच चित्रीकरण करतात, कारण डोव्हरला बंदर मध्ये येतं. मी ही माहिती द्यायला तोंड उघडलं तोवर मंडळींनी हात जोडले होते.

“साती आसरा!”

विहिरीच्या नाहीतर डोहाच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्यांना दुसरं काय दिसणार? पाण्याच्या देवता, संख्येने सात, काठावर रांगेत बसलेल्या. ओळख पटायला आणखी काय लागतं?

“यायले खण-नारळ कोन करते इथं?” मंडळींनी विचारलं.

“नॅशनल ट्रस्ट,” जावई म्हणाले.

नाव ऐकून त्यांचं समाधान झालं. कुठलंतरी संस्थान आहे, पूजाअर्चा नीट होत असणार.

कक्मियरचं मुख म्हणजे एक गंमतच आहे. पलीकडचा काठ हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ, पण पूल तिथे नाही. पूल वर एक्सीटला. नदीच्या कडेने आत चालत जायचं, पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच परत यायचं. “पैनगंगा असती तं लुगडं खोचून गेलो असतो आपुन,” असं म्हणून मंडळींनी पाण्याकडे अशा नजरेने पाहिलं की जावयांनी घाईघाईने भरती-ओहोटीचे धोके सांगितले.

मग पहिली टेकडी, हेवन ब्राऊ. सातांतली सर्वांत उंच, ७७ मीटर. फोटोत या सातजणी म्हणजे एक सुरेख नागमोडी रेघ दिसते. तो फोटो समुद्राच्या बाजूने, बसून काढलेला असतो. प्रत्यक्षात पूर्वी कधी वाहणाऱ्या ओढ्यांनी इथे दऱ्या कोरल्या आणि समुद्राने पुढून सगळं कापत आणलं. त्यामुळे चालणाऱ्याला एक टेकडी चढून मिळवलेली सगळी उंची लगेच पुढच्या दरीत परत करावी लागते. पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. सह्याद्रीत निदान एकदा चढलं की गडावर पोचल्याचं समाधान आणि पिठलं-भाकरी तरी असते. इथे माथ्यावर मेंढ्या. आदल्या रात्रीच्या पावसाने ओला झालेला खडू बुटांच्या तळाला पांढऱ्या लगद्यासारखा बसत होता, त्यावर गवत, त्यावर मेंढ्यांच्या लेंड्या. पाऊल जड होत जाण्याचा हा अनुभव आम्हाला नवा नव्हता. पावसाळ्यात काळ्या रानातून चालताना चप्पल किलोभर माती घेऊनच घरी येते. इथे फक्त रंग बदलला होता. मंडळी उतारावर आडवी पावलं टाकत, एका हाताने निऱ्या सावरत अशा उतरत होत्या की महागड्या काठ्या घेतलेला एक इंग्रज म्हातारा थांबून पाहत राहिला आणि मग त्यानेही तसंच उतरून पाहिलं.

शॉर्ट ब्राऊ, रफ ब्राऊ, ब्रास पॉइंट. जावई नावं वाचत होते, मंडळी बोटांची पेरं मोजत होत्या. फ्लॅगस्टाफ पॉइंट. पुढे फ्लॅट हिल, बेली’ज हिल, शेवटी वेंट हिल.

“आठ होतात.”

जावयांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. खरंच आठ. नाव सातजणींचं, पण समुद्र कापत कापत आत आल्यामुळे उंचवटे आठ भरतात.

“आठवा म्हसोबा,” मंडळींनी निकाल दिला. “आसराईसंगं भाऊ असतेच.”

या सगळ्या वाटेवर कड्याला कठडा नाही. आपल्याकडे कठडा नसेल तर निविदा निघालेली असते. इथे मुळात लावायचाच नाही असं ठरलेलं दिसतं. लावणार तरी कुठे? कडा दरवर्षी सरासरी फूटभर मागे सरतो, काही ठिकाणी जास्तच. आज रोवलेला खांब उद्या फ्रान्सच्या वाटेला लागायचा. जागोजागी पाट्या आहेत: कडेपासून दूर राहा, खालचा भाग पोखरलेला असू शकतो. आणि पाटीच्या पुढ्यातच एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा कड्यावरून पाय खाली सोडून सँडविच खात बसला होता. त्याच्या मागे हातभर अंतरावर गवतात एक बारीक भेग सरळ रेषेत गेली होती. मी ती पाहिली आणि भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशा शब्दांत त्याला इंग्रजीतून सावध करण्यासाठी वाक्य जुळवू लागलो. क्रियापद सापडेपर्यंत मंडळींचा आवाज घुमला:

“ए पोट्ट्या! मांगं सर! माय नाही का तुले?”

पोरगा सँडविचसकट मागे सरकला, उभा राहिला आणि ‘सॉरी’ म्हणाला. वऱ्हाडी बोली शिकायला क्लास लागत नाही.

बर्लिंग गॅपला लोखंडी जिना उतरून समुद्राशी गेलो. इथल्या घरांच्या रांगेतली काही घरं कडा मागे आला तशी पाडावी लागली आहेत. उरलेली आपापला नंबर यायची वाट बघत उभी आहेत. खाली चकमकीच्या दगडांचा खच आणि ओहोटीमुळे उघडा पडलेला पांढरा सपाट खडक. तरंगघर्षित मंच! फळ्यावर असंख्य वेळा काढला, त्यावर मी पहिल्यांदाच बसलो. मंडळींची पिशवी तिथे उघडली. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा; आणि एका पुडीत हळद-कुंकू. सात गोल दगड निवडून ओळीने मांडले गेले, त्यांना बोटं लागली. आठवा, जरा ओबडधोबड, बाजूला ठेवला. हे नॅशनल ट्रस्टच्या नियमांत बसतं का, हे जावयांनी मोबाइलवर शोधायला घेतलं होतं, पण सुदैवाने रेंज नव्हती.

पुढच्या चढावर बेल टाऊट दीपगृह. १८३४ साली दिवा लागला, १९०२ साली विझला. बांधताना हिशेब असा होता की गलबत किनाऱ्याच्या फार जवळ आलं तर कड्याआड दिवा दिसेनासा व्हावा आणि खलाशाने सावध व्हावं. पण कडा झिजत गेला आणि हिशेब बिघडला. त्यात धुकं आलं की कड्यावरचा दिवा कुणालाच दिसेना. पुढे समुद्र दीपगृहाच्या दाराशी आला तेव्हा इंग्रजांनी काय करावं? १९९९ साली ८५० टनांचं अख्खं दीपगृह जॅक लावून उचललं आणि वंगण घातलेल्या तुळयांवरून १७ मीटर मागे सरकवलं. वाशीम जिल्हा अकोल्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी हे दीपगृह कड्यापासून वेगळं झालं. त्याला सतरा मीटरच पुरले, हा फरक. गरज पडली तर आणखी मागे नेता येईल अशी सोयही करून ठेवली आहे. हल्ली तिथे पैसे भरून मुक्काम करता येतो. समुद्राशी कज्जा न करता आपण दोन पावलं मागे व्हायचं, ही अक्कल मला मनापासून आवडली. आमच्याकडे बांध सरकतो तेव्हा दोन पिढ्या कोर्टात जातात.

बीची हेडचा शेवटचा चढ सगळ्यांत मोठा. तो पायांना दिसत होता, डोळ्यांना नाही. वर पोचून खाली वाकून (पोटावर झोपून, जावयांनी माझे पाय धरलेले) पाहिलं तर कड्याच्या पायथ्याशी, पाण्यातच, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दुसरं दीपगृह. १९०२ सालचं, ४३ मीटर उंच, पण वरून खेळण्याएवढं. हे पट्टे रंगवायला पैसे नाहीत असं दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेने सांगितलं तेव्हा गावकऱ्यांनी २७ हजार पौंड वर्गणी काढली आणि २०१३ साली ते रंगवून घेतलं. वर्गणी म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पावती फाडणारा कार्यकर्ता तेवढा दिसला नाही.

याच समुद्रात, ईस्टबोर्नच्या पुढ्यात, १८९५ साली फ्रेडरिक एंगल्सची रक्षा विसर्जित केली, हे मी मंडळींना सांगितलं. “दहावा कुठं केला?” एवढंच त्यांनी विचारलं. पश्चिमेला त्याच किनाऱ्यावर ब्रायटन. तिथे १९०९ साली सावरकरांनी सागराला केलेली विनवणी उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माझी मागणी इतकी मोठी नव्हती. ईस्टबोर्नच्या स्टेशनापर्यंत कुणी पोचवलं असतं तरी पुरे होतं. कुणी पोचवलं नाही. चालतच उतरलो.

ज्या वाशीमकरांची पोरं तिकडे आहेत त्यांना सांगणं एवढंच: सीफर्डकडूनच निघा, वारा बहुधा पाठीशी राहतो. कडेपासून लांब चाला. भाकरी सोबत ठेवा. जावई पुण्याचे असले तर अंतर किलोमीटरमध्ये लिहून घ्या. आणि जायचं तर लवकर जा, कारण तिथली वाट दरवर्षी फूटभर समुद्रात जाते.