ज्युनियर केजीच्या पालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

अभिनंदन. तुमच्या तीन वर्षांच्या बाळाला पुण्यातल्या एका चांगल्या शाळेत जायचं आहे. म्हणजे तुम्हाला जायचं आहे. बाळ अजून स्वतःची चड्डी वर ओढायला शिकतंय. ही मार्गदर्शिका बाणेर, वाकड, खराडी, कल्याणीनगर या पट्ट्यातल्या नवख्या पालकांसाठी आहे. ज्यांचं थोरलं अपत्य आधीपासून त्याच शाळेत आहे त्यांनी मधलं सगळं गाळून थेट फीवाढीकडे जावं.

आधी बोर्ड ठरवा. ज्या बोर्डातून शिकून तुम्ही ही फी भरण्याइतकं कमावू लागलात, ते एसएससी बोर्ड सर्वप्रथम बाद करा. कारण कुणी विचारणार नाही. सीबीएसई म्हणजे पुढे जेईईची सोय, आयसीएसई म्हणजे इंग्रजी पक्कं, केंब्रिज म्हणजे परदेशी पाठवायचा विचार आणि आयबी म्हणजे तो विचार झालेला. आयबी १९६८ साली जिनिव्हात सुरू झालं. आंतरराष्ट्रीय संस्थांत आणि परराष्ट्र सेवेत असलेल्यांची मुलं देशोदेशी फिरायची, त्यांचा अभ्यासक्रम तरी बदलू नये, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. वाकडचा फ्लॅट विकून बालेवाडीला गेलेल्या कुटुंबालाही तो तितकाच उपयोगी पडतो.

यानंतर मुलाखत. मुलाखत घ्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिची तयारी नीट करा. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावल्यास पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ५० हजारांपर्यंत दंड. हा दंड आणि शाळेची एका टर्मची फी शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे कायद्याचा धाक किती ते कळेल. तर मुलाखत होत नाही, 'इंटरॅक्शन' होतं. त्यात बाळासमोर ठोकळे ठेवतात आणि तुमच्यासमोर कॉफी. बाळाने ठोकळे तोंडात घातले तरी चालतं. तुम्ही कुठे राहता, दोघं काय करता आणि परदेशात कुठे कुठे राहून आलात, ही उत्तरं अडखळायला नकोत.

फॉर्मवर 'तुमची पालकत्वाची शैली' असा रकाना असतो. घाबरू नका. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांच्या तीन शैली सांगितल्या: हुकूमशाही, लाडावणारी आणि या दोन्हींच्या मधली, म्हणजे शिस्त लावणारी पण मुलाचं ऐकूनही घेणारी. सगळे मधलीच लिहितात. प्रत्यक्षात आपल्याकडे चौथी शैली चालते. ती कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

तिचं नाव 'आम्ही अजिबात प्रेशर टाकत नाही'. हे वाक्य पाठ करा, आरशासमोर म्हणा. म्हणताना खांदे किंचित उडवावे लागतात. मूल सोमवारी बुद्धिबळ, मंगळवारी फोनिक्स, बुधवारी स्केटिंग, गुरुवारी रोबोटिक्स आणि शुक्रवारी पियानोला जात असेल, तरच या वाक्याला वजन येतं. मूल खरोखर अंगणात खेळत असेल तर त्यातून फक्त काळजी व्यक्त होते. 'क्लास लावलाय' असं कधीही म्हणू नका. क्लास तुमच्या आईवडिलांनी लावला, स्कॉलरशिपचा. तुमचं मूल 'एक्स्प्लोर' करतं. घोडेस्वारी शिकत असेल तर सांगायचं की त्याला पहिल्यापासून प्राण्यांची फार ओढ आहे. तासाचे पैसे किती, हे घोड्यालाही कळू देऊ नका.

या शैलीचं मर्म एवढंच की जे विकत घेतलंय ते मुलाच्या अंगात आधीपासून होतं, असं दिसायला हवं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आंतरशालेय स्केटिंगमध्ये पदक मिळालं, तर फोटो टाका. त्याखाली लिहा, 'आम्हालाच आश्चर्य वाटलं!' आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला घरी येणारा कोच त्या फोटोत घेऊ नये. दुसऱ्याच्या मुलाने पदक आणलं तर त्याच्या आईला विचारा, 'कोणाकडे टाकलंय?' ती म्हणेल, 'असंच गं, घराजवळ.' रागावू नका, तुम्हीही उद्या हेच म्हणणार आहात. खरी माहिती हवी असेल तर शाळेच्या गेटबाहेर थांबलेल्या ड्रायव्हरदादांना चहा पाजा. कोणाचं मूल किती वाजता कुठल्या क्लासला उतरतं, कोणाची गणिताची शिकवणी दुसरीतच सुरू झाली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं आणि ते लपवण्यात त्यांना काहीही मिळवायचं नसतं.

तुमचं नाव आता विसरा. तुम्ही सर्वांच्या फोनमध्ये 'विहान मम्मा ज्यु केजी बी' आहात. वर्गाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यात टीचर असतात. दुसरा टीचरशिवायचा. तिसरा दुसऱ्यातल्या तीन मम्मा वगळून. तिसरा ग्रुप नाही असं वाटत असेल तर त्या तिघींत तुम्ही आहात. बाबांचा ग्रुपही असतो, तो गुंतवणुकीबद्दल असतो.

वाढदिवसाला आमंत्रण आलं आणि त्यावर 'नो गिफ्ट्स प्लीज' लिहिलं असेल, तर गिफ्ट न्या, पण लाकडी खेळणं किंवा पुस्तक न्या. रिटर्न गिफ्ट मात्र आलेल्या गिफ्टपेक्षा किंचित महाग असायला हवं. हे गणित दरवर्षी एक पायरी वर चढतं आणि पाचवीपर्यंत ते हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये पोहोचतं. तिथे जादूगार आणि टॅटूवाली ताई पॅकेजमध्येच येतात; मुलं मात्र त्यांच्याकडे पाठ करून फुगे फोडत बसतात.

श्रीमंतांचे दोन प्रकार ओळखायला शिका, नाहीतर फजिती होते. हप्त्यांवर श्रीमंत झालेले (म्हणजे बहुतेक आपण) नव्या एसयूव्हीतून येतात आणि पार्किंगमध्ये घामाघूम होतात. खानदानी श्रीमंत जुन्या इनोव्हातून, सुती कुर्त्यात येतात. 'आम्ही तर बाई मुलांना बसनेच पाठवतो' म्हणतात, मुलांना वाढदिवसाला झाड लावायला नेतात. ते झाड त्यांच्या मुळशीच्या फार्महाऊसवर असतं. त्यांचा साधेपणा लगेच उचलू नका; तो अंगावर शोभायला दोन पिढ्या आणि सातबारा लागतो.

डबा: पोळीभाजीचा रोल करून त्याला 'रॅप' म्हणा. विषय संपला.

मराठीचा प्रश्न जरा नाजूक आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. न शिकवल्यास शाळेला एक लाखापर्यंत दंड. मूल मराठी असूनही हा विषय त्याला अवघड जाईल, कारण तीन वर्षं घरात 'बेटा, वॉटर पी' चाललेलं असतं. अशा वेळी तासावर पैसे घेणाऱ्या मराठीच्या टीचर लावाव्यात. शेजारच्या खोलीत सदाशिव पेठेतून आलेली, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली आजी असेल, तर शिकवणीच्या वेळी तिला फिरायला पाठवा. मधूनच येऊन ऱ्हस्वदीर्घ सुधारण्याची तिला खोड असते.

आता पंचवीस टक्के. शिक्षणहक्क कायद्याखाली अल्पसंख्याक नसलेल्या खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि त्या ऑनलाइन सोडतीने भरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने असा फतवा काढला होता की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ग्रुपवर हा विषय निघाला तर 'क्वालिटीचं काय?' एवढंच विचारा आणि हात जोडणारं चिन्ह टाका. याच मुलांचे फोटो शाळेच्या माहितीपत्रकात 'डायव्हर्सिटी' या पानावर दिसतील. वाढदिवसाच्या यादीत ती नजरचुकीने राहून जातात, दरवर्षी. त्यांच्या आईवडिलांशी बोलायची वेळ आली तर एक गोष्ट चमत्कारिक वाटेल: प्रवेश कसा मिळाला असं विचारलं तर ते सरळ म्हणतात, 'नशीब, नंबर लागला.' अख्ख्या शाळेत असं म्हणणारे तेवढेच. बाकी आपण सगळे आपापल्या मुलाच्या गुणांवर आत आलेलो असतो, वयाच्या तिसऱ्या वर्षी.

शेवटचा आणि ज्येष्ठ पालकांसाठीही उपयुक्त भाग म्हणजे फीवाढ. पत्र साधारण परीक्षांच्या गडबडीत येतं. २०११च्या फी-नियमन कायद्यानुसार फी मंजूर करायला पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यातले पालक सोडतीने निवडतात आणि अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. निर्णय पटला नाही तर विभागीय समितीकडे दाद मागता येते, पण नंतरच्या दुरुस्तीनुसार त्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. बाराशे मुलांच्या शाळेत तीनशे घरं झाली.

पत्र आल्या रात्री प्रत्येक घरात कॅल्क्युलेटर निघतो. हप्ते, कोचचे पैसे, बँक्वेट हॉल, आता ही वाढ. नवराबायको एकमेकांचे क्लास मोजतात, म्हणजे मुलाचे. सकाळी मात्र ग्रुपवर शांतता. कारण पहिली तक्रार करणाऱ्याला फी जड जाते, असा अर्थ निघतो. आणि हा अर्थ निघू नये म्हणून तर आपण गेली तीन वर्षं रिटर्न गिफ्ट वाटतोय. शेवटी एखादी मम्मा लिहिते, 'स्कूललाही एक्स्पेन्सेस असतातच ना.' तिला पस्तीस अंगठे येतात. अंगठा द्यायला उशीर करू नका, कोणी दिला नाही ते दिसतं.

कुणीतरी अर्जाचा मसुदा फिरवेलच; बहुधा एखाद्या बँकेत काम करणारे बाबा. त्यांना फोनवर जोरदार पाठिंबा द्या. सहीचं विचारलं तर 'घरी बोलून सांगतो' म्हणा. आणि फी पहिल्या आठवड्यातच भरून टाका. त्यानंतर लेट फी रोजच्या हिशेबाने लागते.